हरित इमारतीसाठी जुनी इमारत पाडावी का? महाविद्यालयाच्या नव्या शैक्षणिक इमारतीबद्दल चर्चा

उंबरठा
मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या आवारात नवी शैक्षणिक इमारत व्हायची आहे. चार मजले, सोळा वर्ग, दोन प्रयोगशाळा, गच्चीवर सौर पॅनल, पावसाच्या पाण्याची टाकी, सांडपाणी शुद्ध करून झाडांना. आराखडा देखणा आहे, ते आधीच सांगते. पण ती जिथे उभी राहणार तिथे आज विटांची दुमजली इमारत आहे आणि ती पाडायची असं जवळपास ठरलंय. पुढच्या बैठकीत शिक्षकांना मत विचारणार आहेत. त्याआधी माझं मत तावून-सुलाखून घ्यावं म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं: गरज असेल तर नवं बांधा, पण पर्यावरणाच्या नावाने जुनं पाडू नका. त्या भिंतींतल्या विटा कधीच भाजून झाल्यात, स्लॅबचं सिमेंट कधीच बनलंय, त्यासाठी व्हायचा तो धूर होऊन गेलाय. पाडलं की तो सगळा वाया, आणि नव्या सिमेंट-लोखंडाचा धूर या दोन वर्षांत हवेत. विजेची बचत मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं हळूहळू होत राहणार. आज हवेत गेलेला एक टन कार्बन डायऑक्साइड आणि तीस वर्षांनी जाणारा एक टन सारखे नाहीत, आजचा टन मधली तीस वर्षं हवा तापवत राहतो. कार्ल एलफांटे या अमेरिकन वास्तुविशारदाचं २००७ सालचं म्हणणं मला पटतं: सर्वांत हरित इमारत म्हणजे आधीच उभी असलेली इमारत.

दुसरी गोष्ट. सादरीकरणात ठळक अक्षरांत होतं, '६० टक्के कमी वीज'. कशापेक्षा कमी, असं मी विचारलं. 'नेहमीच्या इमारतीपेक्षा' असं उत्तर मिळालं. आमच्या जुन्या इमारतीपेक्षा नव्हे. मग या आकड्याचा पाडकामाशी संबंध काय?

ओळंबा
उंबरठा, मी वास्तुविशारद आहे आणि शाळा-कॉलेजांचीच कामं जास्त केलीत. तुमची तळमळ कळते, पण एलफांटेंचं ते वाक्य सरसकट लावू नका. उभी इमारत हरित ठरते ती अजून चाळीस-पन्नास वर्षं उभी राहू शकणार असेल तर. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालीय का? काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू मुरतो, काँक्रीटची अल्कता उतरते, आतल्या सळया गंजायला लागतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून बाहेरचा थर फुगून सुटतो. रंग मारला की वर्ष-दोन वर्षं काही दिसत नाही. अशा स्लॅबखाली भरलेले वर्ग मी पाहिलेत आणि त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

मग हवा. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली सांगितलं की खोलीतल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे १००० पेक्षा जास्त भाग झाले की हवा कोंदट झाली असं समजावं. बाहेरच्या हवेतच आज हे प्रमाण ४२० च्या पुढे आहे. शांत बसलेला माणूस तासाला साधारण अठरा ते वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. साठ मुलं, नेहमीच्या मापाचा वर्ग, दारं-खिडक्या बंद, एवढं असलं की पेटेनकोफरांची रेघ पहिल्या पंधरा मिनिटांतच मागे पडते. मुलं पेंगतात ती शिकवणं कंटाळवाणं असतं म्हणूनच असं नाही. जुन्या इमारतींत बहुतेकदा मधोमध बोळ आणि दोन्हीकडे वर्ग असतात, त्यामुळे वर्गाला एकाच बाजूने खिडकी. आरपार वारा नाहीच. नव्या आराखड्यात एका बाजूला व्हरांडा, दोन्ही भिंतींना खिडक्या, लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या, वर खोल छज्जे, हे सगळं मुळापासून करता येतं. जुन्यात भिंती फोडून किती करणार?

'६० टक्के' बद्दल. नियमावलीप्रमाणे बांधलेली त्याच आकाराची काल्पनिक इमारत धरून तुलना करायची, ही जगभर मान्य पद्धत आहे. त्याशिवाय दोन वेगळ्या आकारांच्या, वेगळ्या वापराच्या इमारतींची तुलना होत नाही. यात फसवणूक नाही.

आणि चांगली उदाहरणं आहेत. अटलांटात जॉर्जिया टेक विद्यापीठाची केंडेडा इमारत २०१९ साली सुरू झाली. तिच्यावरचे पॅनल तिच्या गरजेपेक्षा जास्त वीज बनवतात, पाणी पावसाचं. तिला जे 'लिव्हिंग बिल्डिंग'चं प्रमाणपत्र आहे ते कागदावरच्या आराखड्याला मिळत नाही. इमारत सलग बारा महिने वापरून, मोजून दाखवावी लागते. तिला ते २०२१ साली मिळालं. असं काही तुमच्या आवारात होत असेल तर अडवू नका.

चुनखडी
ओळंबा, केंडेडाचंच उदाहरण घेऊ. तिच्या छताच्या लाकडी तक्त्यांत चित्रपटांच्या सेटवरून काढलेल्या फळ्या आहेत. म्हणजे ज्यांनी ती बांधली त्यांनाही जुन्याची किंमत कळली होती. आणि तिचा सांगाडा प्रामुख्याने लाकडाचा आहे. उंबरठांच्या चार मजल्यांचा सांगाडा कशाचा? सिमेंट-काँक्रीटचा असणार.

मी रसायनशास्त्राचा माणूस, म्हणून एवढंच सांगतो. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोमधून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा दगडातलाच वायू आहे, इंधनाचा नव्हे. भट्टी सूर्यावर चालवली तरी हे ४४ किलो टळत नाहीत. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग या दगडातल्या वायूचा. पॅनल लावून वीज स्वच्छ करता येते. ओतलेला पाया परत घेता येत नाही.

ओळंबा
रसायन बरोबर आहे, पण सिमेंट एकाच प्रकारचं नसतं. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडीची पूड मिसळून जे एलसी३ सिमेंट करतात त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत चुनखडी भाजून निघणारे गोळे, जवळपास निम्माच लागतो आणि उत्सर्जन तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतं. फ्लाय ॲश (कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेली सिमेंटं तर बाजारात कधीपासून आहेत. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, कमी ठेवला की जाडी कमी होते, काँक्रीट वाचतं. हे ठेकेदार आपणहून करणार नाही, निविदेत लिहावं लागतं. मागणी करायची ती याची करा. 'बांधूच नका' म्हटलं की तुम्हाला बैठकीतून बाजूला काढतात आणि मग आतले निर्णय ठेकेदार घेतो.

लाकडाचं म्हणाल तर कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, तो झाडाने हवेतून घेतलेला. एका घनमीटरमध्ये साधारण नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. पण लाकूड सगळीकडे जमतं असं नाही. वाळवी आहे, ओल आहे, आणि काम चालू असतानाची आग आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाची लाकडी कार्बन-न्यूट्रल प्रयोगशाळा सप्टेंबर २०१४ मध्ये बांधकाम चालू असतानाच जळाली. त्यांनी पुन्हा बांधली आणि २०१७ मध्ये ती सुरू झाली, पण तोवर पहिल्या वेळचं सगळं साहित्य गेलंच.

चाकावरची
हा सगळा हिशोब वाचला. यात मी कुठे आहे ते सांगते.

मी चाकांच्या खुर्चीवरून पदवीपर्यंत शिकले. आमची इमारत जुनी, सुरेख, उंच छताची. प्रवेशालाच पाच पायऱ्या. ग्रंथालय वरच्या मजल्यावर. तीन वर्षांत मी ग्रंथालय आतून चार वेळा पाहिलं, चारही वेळा मित्रांनी उचलून नेलं म्हणून. पुस्तकांची चिठ्ठी लिहून खाली बसायचे. पुस्तक हातात घेऊन, दोन पानं उलटून, हे नको ते घेऊ, असं मला कधी करता आलं नाही. ज्यांना आला नाही त्यांना हा अनुभव सांगून कळत नाही.

जुनी इमारत टिकवा म्हणणाऱ्यांनी पहिल्या वाक्यात लिफ्टचं आणि उताराचं लिहायला हवं होतं. शाश्वत इमारत म्हणजे फक्त वीज-पाणी वाचवणारी इमारत का? जिच्यात माणूस शिरू शकत नाही ती कितीही वर्षं टिकली तरी माझ्या काय उपयोगाची? मी पाडण्याच्या बाजूने आहे आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

उंबरठा
चाकावरची, तुमचं वाचून मी थांबले. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये लिफ्ट हा शब्दही नाही. आमच्या इमारतीलाही जोत्याच्या चार पायऱ्या आहेत आणि मी रोज त्या चढते, मोजल्या मात्र आत्ता. ही माझी चूक.

तरी एक विचारते. बाहेरून, भिंतीला लागून लिफ्टचा मनोरा उभा करून दोन्ही मजल्यांवर सपाट प्रवेश देता आला, स्वच्छतागृह बदललं, दारं रुंद केली, तर तुम्हाला जुनी इमारत चालेल का? की मनातून ती बादच झालीय?

चाकावरची
चालेल. पण खरंच होणार असेल तर. माझ्या शिक्षणाच्या तीन वर्षांत 'पुढच्या वर्षी उतार करू' हे मी तीन वेळा ऐकलं. नव्या इमारतीत निदान नियमाने करावंच लागतं. दुरुस्तीच्या यादीत आमचं काम नेहमी शेवटी असतं.

जमाखर्च
ते शेवटी का असतं ते मी सांगू शकतो. एका शिक्षणसंस्थेचे हिशेब मी बरीच वर्षं पाहिले. इमारतीसाठी देणगी येते, दुरुस्तीसाठी येत नाही. देणगीदाराला कोनशिलेवर नाव हवं असतं आणि त्यात वाईट काही नाही, आई-वडिलांच्या नावाने काही उभं राहावं असं कोणालाही वाटतं. पण गळक्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कोणी आईचं नाव देत नाही. अनुदानाचंही तसंच. बांधकामाचं खातं वेगळं, देखभालीचं वेगळं, आणि या खात्यातले पैसे त्या खात्यात वळवता येत नाहीत. त्यामुळे दहा वर्षं दुरुस्ती टाळून इमारत मोडकळीला येऊ देणं आणि मग नवी मागणं, हाच संस्थेला सोपा पडणारा रस्ता होतो. कोणी ठरवून करत नाही, हिशेबाच्या रचनेतूनच ते घडतं.

म्हणून उंबरठांना सुचवतो. बैठकीत 'पाडू नका' एवढंच म्हणू नका. नवीन झाली तर तिच्या देखभालीचा निधी आजच, बांधकामाबरोबरच, वेगळा ठेवणार का, हे लेखी मागा. आणि जुनी ठेवली तर नूतनीकरणालाही नाव देता येईल, हे देणगीदारांना कोणीतरी सांगायला हवं. आमच्याकडे ते कोणी कधी सांगितलंच नाही.

वायरमन
मी अशाच एका हरित इमारतीची देखभाल सहा वर्षं केली. कुठली ते लिहीत नाही. तिच्यावर टीका करायची म्हणून लिहीत नाही, माझा जीव होता तिच्यावर.

उद्घाटनाला सगळं चालू होतं. वरच्या झरोक्यांना मोटारी होत्या, आत गरम झालं की आपोआप उघडायचे. दुसऱ्या वर्षी चार मोटारी बंद पडल्या. त्या बाहेरून मागवाव्या लागत, मागणी तीन सह्यांतून जायची. पावसाळा तोंडावर, म्हणून मी झरोके बंद करून तारेने बांधले. त्या दिवसापासून वरचे वर्ग तापायला लागले, मग पंखे वाढले, मग दोन खोल्यांत एसी आले. दिव्यांचे सेन्सर असे बसवले होते की सर फळ्यापाशी शांत उभे राहून लिहायला लागले की दिवे जायचे. मुलं हात हलवायची. शेवटी तक्रारी आल्या म्हणून सेन्सर बायपास करायला सांगितलं. संगणकावरून सगळं चालवायची व्यवस्था होती, तिचा पासवर्ड बसवणाऱ्या कंपनीकडे, आणि करार संपल्यावर त्यांचं येणं बंद. सांडपाण्याच्या यंत्रणेला रोज बघणारा माणूस लागतो. सुट्टीत महिनाभर पाणीच आलं नाही की तिच्यातले जिवाणू मरतात, मग कॉलेज उघडलं की आठ दिवस वास. हे आराखड्यात कोणी लिहीत नाही, कारण आराखडा काढणाऱ्याने सुट्टीतलं कॉलेज पाहिलेलं नसतं.

पॅनल मात्र चांगले चालले. दर पंधरा दिवसांनी धुतले की झालं. गच्चीवर नळ कुठे द्यायचा एवढं आधी विचारलं असतं तर बादल्या वाहाव्या लागल्या नसत्या.

नवी बांधा नाहीतर जुनी ठेवा, पण जो माणूस ती चालवणार त्याला आराखड्याच्या टेबलाशी बसवा. मला कोणी विचारलं नव्हतं.

ओळंबा
वायरमन, तुमची पोस्ट मी आमच्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे. झरोक्याला दोरी आणि कप्पी असती तर तो आजही उघडत असता, हे मला मान्य. आमच्या धंद्यात इमारत सोपवली की आमचं शुल्क संपतं आणि आम्ही परत जात नाही. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात 'प्रोब' नावाने वापरात असलेल्या इमारतींची अशी परत जाऊन तपासणी झाली. तीत लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाची क्वीन्स बिल्डिंगही होती. १९९३ ची अभियांत्रिकीची इमारत, विटांच्या उंच धुराड्यांतून गरम हवा वर ओढून नेणारी. अशी परत जायची सवय सगळीकडे लागायला हवी होती. लागली नाही.

तरी याचा निष्कर्ष 'नवं नको' असा निघत नाही. 'साधं नवं हवं' असा निघतो.

कौलारू
साधं म्हणताय तर केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, १९७० च्या दशकात बांधलेलं, पदव्युत्तर शिक्षणाचं आणि संशोधनाचं आवार. उघड्या विटा, बाहेरून गिलावा नाही म्हणजे दर काही वर्षांनी रंगाचा खर्चही नाही. विटांची जाळी, तिच्यातून वारा आत येतो, झळ आत येत नाही. रॅट-ट्रॅप बाँड म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. नेहमीच्या भिंतीपेक्षा सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. झाड मधे आलं तर भिंत वळवली. तेव्हा कुठलं प्रमाणपत्र नव्हतं, सेन्सर नव्हता, मोटार नव्हती. बंद काय पडणार?

मला नव्या हरित इमारतींत काचेचा सोस बघून वाईट वाटतं. पश्चिमेला पूर्ण काच लावायची, मग आतून पडदे, मग पडदे लावल्यामुळे दिवसा दिवे, मग उन्हासाठी एसी, आणि एसी कमी वीज खातो म्हणून हरित प्रमाणपत्राचे गुण घ्यायचे.

ओळंबा
बेकरांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांची भिंत भार पेलणारी, इमारती बहुतेक कमी उंचीच्या. इथे चार मजले आणि दोन प्रयोगशाळा आहेत. रसायनाच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड लागतात. हूड म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं कपाट, ते पंख्याने खोलीतली हवा सतत बाहेर फेकतं, आणि फेकली तेवढी हवा बाहेरून आत आणून थंड किंवा गरम करावी लागते. जाळीच्या भिंतीने ते भागत नाही. काही यंत्रणा लागणारच.

मागचा_बाक
मी विद्यार्थी आहे, मत द्यायला घाबरत होतो पण देतो. सोळा वर्ग कशाला हवेत? आमच्या कॉलेजात सकाळी सगळे वर्ग भरलेले असतात आणि दुपारी दोननंतर आमच्या मजल्यावर सहापैकी एक-दोनच चालू. बाकीच्यांत पंखे फिरत असतात, मी स्वतः जाऊन बंद करतो. आणि अभ्यासाला बसायला जागा नाही म्हणून आम्ही जिन्यात बसतो. रिकामे वर्ग कुलूपबंद, कारण प्रत्येक वर्ग कुठल्या तरी विभागाचा आहे आणि दुसऱ्या विभागाला तो देत नाहीत. वेळापत्रक एकत्र केलं तर नव्या इमारतीतले अर्धे वर्ग लागणारच नाहीत असं मला वाटतं. न बांधलेल्या वर्गाला सिमेंट लागत नाही.

जमाखर्च
या पोस्टने मला लाज आणली. इतकी वर्षं हिशेब पाहिले, पण वर्ग दिवसाला किती तास वापरात असतो हे आम्ही कधी मोजलं नाही. खोल्यांची मालकी हा विभागांचा मानाचा प्रश्न असतो. तिथे हात घालण्यापेक्षा मजला चढवणं सोपं वाटतं.

ओळंबा
मागचा_बाक, मुद्दा भारी आहे, पण सावधपणे. वेळापत्रक घट्ट आवळलं की संध्याकाळी सहापर्यंत तास ठेवावे लागतात. लांबून येणारी मुलं, नोकरी करून शिकणारी मुलं, त्यांचं काय? फ्रान्समध्ये नान्तच्या वास्तुकला महाविद्यालयाची इमारत लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी २००९ मध्ये पूर्ण केली. त्यांनी उलट केलं. मागितलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त जागा दिली, साध्या सांगाड्यात, विशिष्ट वापर न ठरवता. मोकळी जागा म्हणजे वायफळ जागा नव्हे.

चुनखडी
हेच लाकातों आणि वासाल पाडकामाच्या कडक विरोधात आहेत, हेही सांगा की. उभी इमारत पाडू नये, तिच्यात भर घालावी, हा त्यांचा आग्रह. वास्तुकलेतलं मोठं मानलं जाणारं २०२१ चं प्रित्झ्कर पारितोषिक त्यांना मिळालं तेव्हा त्यांच्या याच भूमिकेची चर्चा झाली.

ओळंबा
सांगतो की. मान्य आहे. मी पाडण्याचा वकील नाही, मी एवढंच म्हणतो की ऑडिटआधी 'पाडू नका' म्हणणं आणि ऑडिटआधी 'पाडा' म्हणणं, दोन्ही अंदाजपंचे आहेत.

उंबरठा
ऑडिटचं मी आज विचारलं. झालेलं नाही. 'इमारत जुनी आहे' एवढंच टिपणात लिहिलंय. म्हणजे ओळंबा, तुमचा पहिलाच प्रश्न बैठकीतला पहिला प्रश्न होणार.

आता माझ्या विषयातली एक गोष्ट सांगायची राहिली, माझ्या मनात सुरुवातीपासून तीच होती. ओहायोतल्या ओबर्लिन महाविद्यालयात २००० साली ॲडम जोसेफ लुइस सेंटर ही पर्यावरण अभ्यासाची इमारत उभी राहिली. विल्यम मॅक्डोनो यांचा आराखडा, गच्चीवर ६० किलोवॉटचे पॅनल, सांडपाणी झाडांच्या टाक्यांतून शुद्ध करायची व्यवस्था. वापरते त्याहून जास्त वीज ही इमारत बनवेल अशी उमेद होती. त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या जॉन स्कोफील्ड यांनी प्रत्यक्ष वापर मोजायला घेतला आणि आकडे जमत नाहीत असं जाहीरपणे लिहिलं. सुरुवातीच्या काळात पॅनल गरजेच्या निम्म्याहून थोडी कमीच वीज देत होते. वाद झाला, कटुताही आली. पण इमारतीत सुधारणा होत गेल्या आणि २००६ साली पार्किंगवर आणखी १०० किलोवॉटचे पॅनल बसले.

मला ही गोष्ट नव्या इमारतीविरुद्ध वापरायची नाही. उलट, ओबर्लिनची इमारत सुधारली कारण तिथे आकडे उघडे होते आणि आवारातल्याच एका माणसाने ते पडताळले. आमच्या चार मजल्यांचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. एका चौरस मीटर पॅनलमधून भर उन्हात सुमारे २०० वॉट मिळतात. मजले चार, गच्ची एकच. म्हणजे प्रत्येक मजल्याच्या वाट्याला पाव गच्ची, त्यातून टाक्या, जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि दोन रांगांतलं अंतर वजा. वर्गांचं भागेल. हूड लावलेल्या प्रयोगशाळांचं भागेल असं मला दिसत नाही. सादरीकरणात प्रयोगशाळा धरल्या होत्या का, हेही विचारायचंय.

चाकावरची
विचारा. आणि ऑडिट चांगलं निघालं तर बाहेरच्या लिफ्टचा आराखडा त्याच बैठकीत मांडा, 'नंतर बघू' होऊ देऊ नका. ऑडिट वाईट निघालं तर मी पुन्हा पाडण्याच्या बाजूने, हे लक्षात असू द्या.

उंबरठा
लक्षात आहे. ऑडिट वाईट निघालं तर मीही तुमच्या बाजूने.

कौलारू
मी नाही. वाईट म्हणजे किती वाईट? कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा नवा थर, करता येतं, गंजलेल्या सळया साफ करून बदलता येतात, एखादा स्लॅब नवा टाकता येतो. ऑडिट करणारा कोणाचा माणूस आहे तेही बघा. ज्याला नव्या कामाचा फायदा आहे त्याच्याकडून जुन्याची तपासणी करून घेऊ नका.

ओळंबा
हा आक्षेप आमच्या व्यवसायावर आहे, पण गैर नाही. ऑडिट त्रयस्थाकडून घ्या.

वायरमन
मॅडम, सगळं झालं पण एक राहिलं. '६० टक्के कमी' कळायला आधीचा आकडा हवा. तुमच्या जुन्या इमारतीला वेगळा मीटर आहे का? आमच्याकडे अख्ख्या आवाराला मिळून एकच होता. नव्या इमारतीने किती वाचवलं हे सहा वर्षांत मला कोणीही विचारलं तरी सांगता आलं नाही.

उंबरठा
तुमची पोस्ट वाचून आमच्या इलेक्ट्रिशियनबरोबर वीजजोडण्यांच्या पॅनलरूममध्ये गेले. वेगळा मीटर नाही. जुनी इमारत, ग्रंथालय, वसतिगृहाचा पंप आणि कार्यालय एकाच मीटरवर आहेत. तिची वीज किती हे आजवर कोणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि मी याच इमारतीत वीजमापन शिकवते.

प्राचार्यांना भेटले. जुन्या इमारतीच्या लाइनवर सबमीटर, म्हणजे फक्त तिचाच वापर मोजणारा वेगळा मीटर, बसवायला त्यांनी होकार दिलाय. विभागातली जुनी नोंदवही काढलीय, रोज सकाळी पहिल्या तासाआधी आणि संध्याकाळी शेवटच्या तासानंतर आकडा लिहायचा, आणि त्या दिवशी किती वर्ग किती तास भरले तेही शेजारी. दुसऱ्या वर्षाची सहा मुलं पाळीपाळीने यायला तयार आहेत. बैठकीपर्यंत फार दिवसांच्या नोंदी होणार नाहीत, पण वही बरोबर नेणार आहे. वायरमन, सबमीटर नेमका कुठे बसवला की रोज वाचायला सोपा पडेल?

वायरमन
पॅनलरूममध्ये नको, तिथे कुलूप असतं. व्हरांड्यात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. खुर्चीवर बसलेल्या माणसालाही दिसेल इतका खाली.